सहा मार्चची तिसरी गोष्ट

अनोमाबो
शनिवार, १२ जून २०१०

मान्सा,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, वाजतो, आणि मग कोणी बाई तुमच्या तिकडच्या भाषेत काहीतरी बोलते. तुझ्या बहिणीच्या फोनवरून केला की तू दुसऱ्या घंटीला उचलतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. अद्वोआ अंगणात जाऊन बोलते, पण तिचा आवाज बाजारात उकडलेली मक्याची केंकी विकून विकून तयार झालेला आहे, तो भिंतीला जुमानत नाही. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही.

व्हिसा नाकारल्याचा कागद तुला मिळाला, तसा अक्राहून आम्हालाही मिळाला. ‘मुलीच्या जन्मतारखेबाबत खात्री पटत नाही.’ एवढंच. सहा वर्षं तू तिकडे लोकांची ऑफिसं पुसतेस, पोरीला बोलावून घ्यायचं म्हणून एकेक कागद जमवतेस, आणि शेवटी एका ओळीत काम तमाम. मला वाईट वाटलं नाही असं तुला वाटतं का? त्या दिवशी मी जेवलो नाही. अद्वोआला विचार.

तू तिला म्हणालीस, “बाबांना विचार, माझ्या पोरीचा एक दिवस कुठे गेला?” तिने मला ते तुझ्याच आवाजात ऐकवलं.

आता शांतपणे वाच. तू तुझ्या अर्जात पाच मार्च लिहिलंस. अराबाच्या जन्मदाखल्यावर सहा मार्च आहे, पासपोर्टवर सहा मार्च आहे, शाळेत सहा मार्च आहे. फरक एका दिवसाचा. कारकुनांचे हात घसरतात, मी एक्केचाळीस वर्षं शाळेत काढली, हजेरीच्या वह्यांमध्ये मेलेल्यांना हजर दाखवलेलं पाहिलंय. एका दिवसासाठी कोणी आईपासून मुलगी तोडतं का? माणुसकी म्हणून काही असते की नाही?

बरं, दूतावासाने चौकशीला जो वकील धाडला होता, त्याच्याबद्दल तुला कोणी सांगितलं नसेल. ओटू नाव. आपल्यातलाच, केप कोस्टचा फांटी. मी त्याला नारळ फोडून दिला. अराबाला समोर उभं केलं, शाळेचा गणवेश इस्त्री करून.

“वाढदिवस कधी असतो तुझा?” त्याने विचारलं.

“सहा मार्च,” ती म्हणाली, आणि कोणी न विचारता सुरूच झाली. “सहा मार्चला तीन गोष्टी झाल्या. पहिली, अठराशे चव्वेचाळीस साली आपल्या सरदारांनी गोऱ्यांच्या कागदावर फुल्या मारल्या. सही येत नव्हती म्हणून फुल्या. त्यांना वाटलं, आपली भांडणं झाली तर गोरे मध्ये बसून सोडवतील. गोरे मध्ये बसले ते उठेचनात. दुसरी, एकोणीसशे सत्तावन्न साली, एकशेतेरा वर्षांनी, तीच तारीख बघून आपण म्हटलं, आता उठा. तिसरी, मी झाले.”

वकील इतका हसला की नारळाचं पाणी सदऱ्यावर सांडलं. “कोणी शिकवलं गं हे?”

“नानांनी. ते दर शनिवारी रेडिओवर मुलांना आजच्या तारखेची गोष्ट सांगतात. तुम्ही ऐकत नाही?” हे तिने असं विचारलं, जणू त्याने आंघोळच केलेली नाही.

मग त्याने मला चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि माणूस हसतमुखाने गेला. पुढे काय झालं ते त्याचं त्याला माहीत.

अपील करता येतं म्हणतात. तू तिकडून कर, मी इकडून बघतो. आणि फोन उचल.

तुझा बाप


अनोमाबो
शनिवार, ३ जुलै २०१०

मान्सा,

काल विश्वचषकात आपण हरलो. तू तिकडे पाहिलंसच असेल. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, अख्खं गाव मेथडिस्ट चर्चच्या मैदानात पडद्यासमोर उभं होतं, आणि चेंडू दांडीवर आपटून वर गेला. अराबा माझ्या खांद्यावर होती. आठ वर्षांची पोर, माझी मान मोडायची वेळ आली होती. ती म्हणाली, “नाना, परत मारायला सांगा ना.” मी म्हटलं, “आता नाही गं मारता येत.” ती म्हणाली, “पण सगळ्यांनी पाहिलंय की तो चुकून चुकला.”

आज सकाळी रेडिओवर गेलो नाही. घशाचं कारण सांगितलं. खरं कारण हे पत्र.

अद्वोआ सांगते, माझं पत्र पोचलं, तू वाचलंस आणि म्हणालीस, “कारकुनाचा हात?” एवढंच म्हणालीस. ते दोन शब्द मी चार दिवस चघळतो आहे.

कारकुनाचा हात घसरला नाही.

अराबा पाच मार्चला झाली, मंगळवारी, दुपारी. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. नर्सने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा शाळेची मुलं समोरून दुसऱ्या दिवशीच्या संचलनाची तालीम करत चालली होती, ढोल बडवत. तू आत होतीस, तुला कोणती तारीख ते मी कशाला सांगू? जन्म नोंदवायला मात्र तू आली नव्हतीस, तुला उठवत नव्हतं, तिचा बाप कुमासीला गेला तो गेलाच होता. मी गेलो. टेबलामागे माझाच विद्यार्थी, कोबिना. मला पाहून उभा राहिला. “सर, तारीख?” मी म्हटलं, “सहा मार्च.” त्याने मुळी हॉस्पिटलचं कार्ड मागितलंच नाही. म्हणाला, “सर, तारखेच्या बाबतीत तुमचं कार्ड बघू मी?” आणि आम्ही दोघं हसलो.

का केलं, असं विचारशील. मी स्वतःला बरंच मोठं कारण शोधत होतो, सापडलं नाही. हौस, दुसरं काय. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की तारखा आपोआप जुळत नाहीत, माणसं जुळवतात. सत्तावन्न साली आपल्या लोकांनी सहा मार्च निवडला तो मुद्दाम, जिथे बांधले गेलो तिथेच सुटायचं म्हणून. मला वाटलं, मी पण एक जुळवतो. एका दिवसाने कोणाचं काय बिघडतं? पोरीच्या वाढदिवसाला सगळा देश सुट्टी घेईल, पोरं झेंडे घेऊन तिच्या घरासमोरून चालतील. तू हसशील म्हणून तुला सांगितलं नाही. दाखला माझ्याच पेटीत राहिला, आणि अर्जाला लागणारे इकडचे कागदही मीच परस्पर अक्राला दिले. मग तू गेलीस. पुढे सांगायची वेळ टळून गेली, आणि दरवर्षी सहा तारखेला केक कापताना तू फोनवरून म्हणायचीस, “एक दिवस उशीर चालतो, सुट्टी असते ना,” आणि मी हो हो म्हणायचो.

तुला वाटायचं आम्ही सोयीसाठी करतो.

राग धर. पण पोरीला यातलं काही ठाऊक नाही, तिच्याशी बोलताना सांभाळून.

बाबा


अनोमाबो
शनिवार, २१ ऑगस्ट २०१०

मान्सा,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. अर्धंच लिहिलं होतं.

त्या ओटू वकिलाने चार प्रश्न विचारले, असं मी तुला म्हटलं. त्यातला चौथा ऐक.

अराबा आत पळाली, तसा त्याने वहीत तिचं नाव लिहिलं. लिहितालिहिता थांबला. बोटांवर काही मोजलं. मग म्हणाला, “नाना, दोन हजार दोनचा सहा मार्च बुधवार येतो.”

मी म्हटलं, “असेल.”

“बुधवारची मुलगी कुकुआ. मंगळवारची अराबा.” तो हसतच होता, पण आता डोळ्यांनी नाही. “आपल्याकडे तारीख विसरतात, वार कोणी विसरत नाही. पोर ज्या वारी येते तो वार तिच्या जीवाला चिकटतो, असं माझी आई म्हणायची. सांगा ना, काही चुकलं असेल तर आत्ता सांगा. मी लिहून घेतो, एक प्रतिज्ञापत्र करू, मिटून जाईल. अशा चुका मी महिन्याला दहा बघतो.”

बघ मान्सा. त्याने दार उघडून धरलं होतं. पंख्याखाली बसून मला फक्त ‘पाच’ म्हणायचं होतं.

पण आत अराबा अद्वोआला ओरडून सांगत होती, “मावशी, त्यांना माझी तिसरी गोष्ट आवडली!” आणि बाहेर कुंपणाला शेजारचे तिघं-चौघं कान लावून उभे होते, त्यातले दोघं माझे विद्यार्थी. मी म्हटलं, “वाराचं नाही, तिच्या पणजीचं नाव ठेवलंय. माझी आई अराबा होती.”

माझ्या आईचं नाव तुला माहीत आहे. तिचं नाव एसी होतं, ती रविवारची होती. तुझ्या आजीला मी कबरीतून उठवून तिचा वार बदलला.

तो म्हणाला, “बरं,” वही मिटली, आणि इथून सरळ हॉस्पिटलात गेला. तिथे पाच. मग चर्चमध्ये, बाप्तिस्म्याच्या वहीत पाच. आणि मग दफनभूमीत गेला. हे मला पाद्रीबुवांनी परवा सांगितलं. आईच्या दगडावर नाव कोरलेलं आहेच. चुकीची तारीख त्यांनी माफ केली असती. खोटं बोलणारा आजोबा म्हटल्यावर त्यांना पोरगी तुझीच आहे का, हाही संशय आला. तुझ्या कागदात जी दुसरी ओळ आहे, जी तू अद्वोआला वाचून दाखवली नाहीस आणि जी आमच्या प्रतीतही होती, ती माझ्यामुळे आहे.

आठव्या दिवशी पहाटे नाव ठेवायला तिला पहिल्यांदा घराबाहेर आणलं, तेव्हा मीच तिला मांडीवर घेतलं होतं. मीच तिच्या जिभेला पाण्याचं बोट लावलं आणि म्हटलं, पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे. मग जिनचं बोट लावून तेच, दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे. सगळं गाव उभं होतं, तू खुर्चीत होतीस, रडत होतीस. तेव्हा दाखला होऊन चार दिवस झाले होते, तो माझ्या खिशात होता.

काल केप कोस्टच्या कोर्टात गेलो. खोटी तारीख मी दिली आणि खोटं उत्तरही मीच दिलं, असं शपथेवर लिहून दिलं. न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही रेडिओवरचे ना? माझा मुलगा ऐकतो.” मी हो म्हटलं. त्यांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता राजपत्रात यायला हवं, मग नवा दाखला, मग नवा पासपोर्ट, मग नवा अर्ज. सगळे म्हणतात वर्ष जाईल.

मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. कशाच्या जोरावर मागू?

बाबा


अनोमाबो
शनिवार, ५ मार्च २०११

मान्सा,

तुझा निरोप अद्वोआने दिला. “बाबांना सांग, कागद पाठवा, पत्रं नकोत.” कागद सोबत जोडले आहेत: राजपत्र, नवा दाखला, दोघींच्या रक्ताच्या नात्याची तपासणी झाली त्याचं प्रमाणपत्र. अराबाच्या गालातून कापूस फिरवून घेतला तेव्हा ती म्हणाली, “एवढ्याने आई कळते?” कळली. तुझीच आहे.

पत्र नको म्हणालीस, तरी एवढं वाच आणि मग फेकून दे.

आज तिचा नववा वाढदिवस. पाच तारखेला पहिलाच. तिला खरं सांगितलं ते गेल्या महिन्यात, मीच, मळ्याच्या वाटेवर. वाटलं रडेल. तिने आधी हिशेब केला. “म्हणजे संचलन माझ्यासाठी नसतं?” मी म्हटलं, “नाही.” “मग पाच मार्चला काय झालं?”

घरी येऊन मी जुने ग्रंथ उघडले. सापडलं ते सांगितलं, रशियाचा एक हुकूमशहा मेला. ती म्हणाली, “मेलाच फक्त? कोणी काही केलं नाही?” मग मी म्हटलं, पाच मार्च सत्तावन्न हा गोल्ड कोस्टचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी नाव घाना झालं. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझ्या तारखेला सगळे नुसते वाट बघत होते.”

आज सकाळी रेडिओवर तेच सांगितलं, आणि आपल्या घरातल्या खोट्या तारखेची गोष्टही सांगितली. कोणाच्या घरात असं काही झालं असेल तर मुलांनो, आजोबांना विचारा, असं म्हणालो. स्टेशनवाल्या पोराने गाणं लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, पुढच्या शनिवारी जरा विश्रांती घ्या.” बरोबरच आहे त्याचं. तारखेच्या माणसाची तारीख खोटी निघाली, त्याला कोण ऐकणार? गावात एकदोघे मला ‘बुधवार’ म्हणून हाक मारतात. मारू देत.

अद्वोआने केक केला. अराबाने तुझ्यासाठी तुकडा ठेवलाय, मुंग्या लागल्या तरी हलवू देत नाही.

बाबा


अनोमाबो
शनिवार, १० सप्टेंबर २०११

मान्सा,

व्हिसा मिळाला. तुला कळलंच असेल. तिकीट तेवीस तारखेचं आहे, पासपोर्ट पोलादी पेटीत ठेवलाय, गरम कोट अद्वोआने अक्राहून आणला. तो अराबाच्या गुडघ्याखाली येतो. तिला वाटतं तो रेनकोट आहे.

मी ही बातमी फोनवर अद्वोआकडून देऊ शकलो असतो. पत्र लिहितो आहे ते यासाठी, की जे झालं ते मला स्वतःच्या हाताने लिहायचंय. पोचेल तोवर तेवीस तारीख जवळ आली असेल.

मुलाखतीला अक्राला गेलो तेव्हा मला काचेबाहेर बसवलं. आत ती आणि एक बाई. नंतर बाई बाहेर येऊन म्हणाली, मुलगी छान आहे, तिने आनंदाने हो म्हटलं. बसमध्ये अराबा म्हणाली, “त्यांनी विचारलं आईकडे जायचं का, मी म्हटलं हो. पण नाना, परत कधी यायचं ते त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगू का, नाताळच्या आधी? शाळेत माझं नाटक आहे.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. अद्वोआ म्हणते, तसंच राहू दे, विमानात बसू दे, तिकडे गेल्यावर आईला बिलगेल, पोरं आठ दिवसांत विसरतात. शेजारपाजारही तेच म्हणतो. कदाचित तुलाही तेच हवं असेल. मान्सा, हे सगळं सोपं होतं. मला काही बोलायचंच नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. आठ दिवस राहिलोही.

काल तिने कपड्यांच्या दोन चवडी केल्या. एक न्यायची, एक इथे ठेवायची. इथे ठेवायची मोठी होती. मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, अराबा, परत यायचं नाहीये. तिकडेच शाळा, तिकडेच घर. आई तिकडे आहे म्हणून. सुट्टीत कधीतरी, मोठी झालीस की.

ती चवडी तशाच टाकून उठली. बाजारात जाऊन अद्वोआच्या बाकड्याखाली बसली, केंकीच्या टोपल्यांमागे, संध्याकाळपर्यंत. अद्वोआने जेवायला दिलं ते खाल्लं. घरी येताना माझा हात धरला नाही.

मग रात्री झोपण्याआधी माझ्या खोलीत आली. मी तिला एवढंच विचारलं, आई आठवते का? ती म्हणाली, “आवाज माहीत आहे.” आणि मग शाळेत हात वर करून विचारतात तसं विचारलं, “नाना, माझी तारीख सहा होती तेव्हा ते लोक मला नेत नव्हते ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग सहाच करा परत.”

मी म्हटलं, “ती खोटी होती गं.”

“असू दे,” ती म्हणाली. “मी कोणाला नाही सांगणार.”

मान्सा, मी आता खोटं बोलू शकत नाही, आणि खरं सांगितल्यामुळे हे झालं. तिला उचलून विमानात बसवायचं तर मला बसवता येईल, माझ्या हातात तेवढी ताकद आहे. न बसवायचं तर तेही येईल. दोन्हींतलं कोणतं करू हे ठरवायचा अधिकार माझा राहिलेला नाही, तो नऊ वर्षांपूर्वी कोबिनाच्या टेबलावर मी देऊन आलो. तू तिची आई आहेस, तू सांग. मध्यरात्र उलटली तरी ती आत्ता शेजारच्या खोलीत जागी आहे, आणि मी तिला काय उत्तर देतो याची वाट बघते आहे.

बाबा